मेलेलाच फिर्याद द्यायला आला, तर तपास उरतो का?

तुमची अडचण थोडक्यात अशी. कादंबरीतलं शहर म्हणजे आजच्या काळातलं गिरणगाव. चाळी, बंद गिरण्यांची धुराडी, नवे टॉवर आणि या सगळ्यात माणसांच्या शेजारी उघडपणे राहणारे मुंजे, हडळी, समंध. नायक पोलीस निरीक्षक. पहिली तीन प्रकरणं झकास झाली आणि चौथ्याला घोडं अडलं, कारण खून झाला की मेलेलाच रात्री ठाण्यात येऊन मारणाऱ्याचं नाव सांगतो आणि गोष्ट तिथेच संपते. ते टाळायला भुताला विसराळू करून पाहिलं, तर वाचून दाखवलेले मित्र म्हणाले, ही पळवाट झाली. तुम्ही विचारताय की अशा शहरात तपास खरा कसा वाटावा.

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालेला माणूस. बरीच नोकरी मध्य मुंबईतल्या ठाण्यांत आणि काही वर्षं गुन्हे शाखेत गेली. हल्ली ओळखीतले लेखक पोलिसी तपशील बघायला हस्तलिखितं पाठवतात, तेही करतो. भुतं मी मानत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण तुमच्या शहरात ती आहेत म्हणालात की माझ्यासाठीही आहेत. मला एवढंच बघायचंय की त्या शहरातला तपासी अंमलदार रात्रपाळीला नेमकं काय करेल.

माझ्या मते भुतांनी तुमचं काही बिघडवलेलं नाही. तपास म्हणजे ‘कोणी केलं ते शोधणं’ असं तुम्ही धरून चाललात, घोळ तिथे आहे. खऱ्या ठाण्यात येणाऱ्या खुनांपैकी कितीतरी खुनांत मारणारा कोण हे त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत कळलेलं असतं. चाळीला माहीत असतं, नाक्यावरच्या चहावाल्याला माहीत असतं, कधीकधी आरोपीची आईच बोलून जाते. पुढचे तीन महिने जातात ते सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कोर्टात उभी करण्यात. पंच फुटतात, साक्षीदार गावी निघून जातात, मुद्देमालाच्या पाकिटावरचं सील आणि पंचनाम्यातलं वर्णन जुळत नाही. कळणं आणि शाबीत होणं यांच्यामध्ये जी जागा आहे तिथेच आमची नोकरी जाते. तुमची कादंबरीही तिथेच घडवा. मेलेला येऊन नाव सांगतोय? सांगू द्या. निरीक्षकाच्या हाती एक खबर लागली, इतकंच.

आता काही गोष्टी तुमच्या ठरवण्यावर आहेत. त्या शहराचा कायदा वेगळा असेल, तर माझं निम्मं उत्तर बाद. भुतं लोकांपासून लपून राहत असतील, तरी बाद. मी असं धरतो की कायदा आपलाच आहे, लोकांना भुतं आहेत हे माहीत आहे आणि कायदा करणाऱ्यांनी मात्र त्यांचा कधी विचार केलेला नाही. मला यात सगळ्यात जास्त मजा दिसते. आपल्या भारतीय न्याय संहितेत मृत्यूची व्याख्या मनुष्याच्या मृत्यूपुरती आहे. म्हणजे तुमच्या शहरात कुणी मुंजाला कायमचा संपवला, तर खुनाचं कलम लागत नाही. समजा एका चाळीचा पुनर्विकास अडलाय, कारण अंगणातल्या पिंपळावर मुंजा आहे आणि त्याच्या भीतीने कंत्राटदाराची माणसं काम सोडून जातात. एका पहाटे पिंपळ तोडलेला सापडतो आणि मुंजा नाहीसा झालेला असतो. तुमच्या निरीक्षकाकडे गुन्हा कोणता उरला? महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा कायदा आहे, विनापरवाना झाड तोडल्याचा गुन्हा होईल. महापालिकेच्या उद्यान विभागाचा माणूस येऊन बुंध्याचा घेर मोजून जाईल. शंभर वर्षांचा एक पोरगा गेला आणि कागदावर पडलं एक झाड. हे प्रकरण मला मिळालं असतं, तर मी आधी ते लिहिलं असतं.

तर मेलेला माणूस फिर्याद द्यायला आलाय. ठाणे अंमलदार आधी विचारेल, घटना कधीची? १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले. त्यानंतरच्या खुनाला न्याय संहितेचं कलम १०३, आधीच्या खुनाला जुन्या दंड संहितेचं ३०२. (संवाद लिहिताना लक्षात ठेवा, जुने हवालदार अजूनही ‘तीनशे दोन’च म्हणतात, कलम कुठलंही असो.) १९८२ च्या संपानंतर गिरणीच्या आवारात मारला गेलेला कामगार आज तक्रार द्यायला आला, तर? घ्यावी लागेल. खुनाला मुदतीची अट नाही, ती अट तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना आहे. पण कोर्ट पहिला प्रश्न विचारणार, फिर्यादीला इतका उशीर का? उशिराचं समाधानकारक कारण द्यावं लागतं. तुमच्या कामगाराने चाळीस वर्षं तोंड का उघडलं नाही, याचं उत्तर नुसतं भुतांच्या नियमांत शोधू नका. बायको हयात होती, तिने त्याच माणसाशी लग्न केलं होतं, असलं काहीतरी शोधा.

आणि आरोपी दरम्यान मेला असेल तर? इथे आमच्या खात्याचे जुने शब्द तुमच्या कामाला येतील. महाराष्ट्रात तपास आरोपपत्राशिवाय बंद करायचा तर कोर्टात समरी अहवाल जातो. गुन्हा खरा पण छडा लागला नाही, तर ए समरी. तक्रार जाणूनबुजून खोटी, तर बी. गैरसमजुतीतून आलेली किंवा दिवाणी स्वरूपाची असेल तर सी. आणि आरोपीच मेला तर अबेटेड समरी, म्हणजे खटला त्याच्याबरोबर संपला. आपल्या जगात हा पूर्णविराम आहे. तुमच्या शहरात मात्र तो आरोपी मागच्या विहिरीच्या काठावर बसून विडी ओढतोय आणि फिर्यादीला रोज दिसतोय. कायद्याने हात टेकल्यावर त्या दोघांमध्ये काय होतं, यावर तुमचं अख्खं पाचवं प्रकरण निघेल.

मृताचा जबाब हा पुरावा धरायचा का, हे तुम्ही वेगळं विचारलंत. मृत्युपूर्व जबाब आपल्या कायद्यात चालतो, साक्ष अधिनियमाच्या कलम २६ मध्ये त्याची सोय आहे. पण त्यामागे गृहीत असं आहे की बोलणारा आता कोर्टात येऊ शकत नाही आणि तो जे बोलला ते मरणाआधी बोलला. तुमचा मेलेला मरणानंतर बोलतोय आणि वर कोर्टात यायलाही तयार आहे. मग ती सवलत त्याला नाही. तो साधा साक्षीदार. शपथ घ्यायची, पिंजऱ्यात उभं राहायचं आणि बचावाच्या वकिलाच्या उलटतपासणीला तोंड द्यायचं. वकिलाचा पहिला प्रश्न मी आत्ताच सांगतो: तुम्ही तेच आहात कशावरून? कोकणात गिऱ्हा रात्री ओळखीच्या आवाजात हाक मारून माणसाला खोल पाण्याकडे नेतो, असं सांगतात. ज्या शहरात गिऱ्हे आहेत, तिथे कुठल्याही आवाजाची खात्री कशी द्यायची? त्याची ओळख पटवण्यातच तुमच्या निरीक्षकाचे दोन आठवडे जातील. जुने शेजारी, फक्त दोघांना ठाऊक असलेली गोष्ट, गिरणीच्या हजेरीपटावरचा अंगठा. भुताला अंगठा उमटवता येतो का, हे तुम्ही आधीच्या प्रकरणात ठरवून ठेवलेलं असलं पाहिजे.

विसराळू भुताची गरज का नाही, ते एका साक्षीदारावर दाखवतो. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला तो मुंजा, हे तुमच्या वाचकाला सांगावं लागणार नाही. तो पिंपळाला बांधलेला. म्हणजे तपासाच्या दृष्टीने दिवसरात्र एका जागी हजर असलेला साक्षीदार. आमच्यासाठी सोनंच. त्याचा जबाब मी असा घेतला असता:

“कुठे होतास?”

“झाडावर.”

“झाडावर कुठे?”

“गॅलरीकडच्या फांदीवर. तिसऱ्या मजल्याच्या समोर.”

“मधे पानं होती?”

“होती. पण वारा होता, हलत होती.”

“उजेड कसला?”

“मला उजेड लागत नाही.”

“मग त्याच्या सदऱ्याचा रंग सांग.”

मुंजा गप्प. त्याला अंधारात आकार दिसतो, चाल दिसते, रंग दिसत नाही. पुढे मी विचारतो, कोण होता? तो ठामपणे म्हणतो, “सदू. लंगडत आला, सदूच.” हवालदार खालमानेने लिहून घेतो. आणि दुसऱ्या दिवशी कळतं की चाळीतला सदू साठ वर्षांपूर्वी वारला. मुंजा खोटं बोलत नाही, विसरलेलाही नाही. शंभर वर्षं तो त्याच खोल्यांमधून त्याच घराण्यांच्या पिढ्या बघतोय आणि त्याला आजोबा आणि नातू वेगळे दिसत नाहीत. चाल तीच, खांदे तेच. म्हणजे घराणं सापडलं, माणूस नाही. त्या घरात तीन नातू आहेत आणि लंगडतो त्यांतला एकही नाही, पण एकाच्या पायाला त्या आठवड्यात लागलेलं होतं. आता तुमच्या निरीक्षकाला काम मिळालं. साक्षीदाराची मर्यादा त्याच्या जगण्यातून आली, की वाचक तिला पळवाट म्हणत नाही.

या मुंजाला शपथ द्यायची का, हाही गमतीचा मुद्दा आहे. आपल्या शपथ कायद्यात बारा वर्षांखालच्या साक्षीदाराला, त्याला खरं बोलायचं समजतं पण शपथेचा अर्थ कळत नाही असं कोर्टाला वाटलं, तर शपथेशिवाय साक्ष देता येते. मुंजा मेला तेव्हा नऊ वर्षांचा होता. आज त्याचं वय किती धरायचं? सरकारी वकील एक म्हणणार, बचावाचा दुसरं. आणि ओळखपरेड? ती पोलीस घेत नाहीत, आमच्यापैकी कुणी तिथे असताही कामा नये. आरोपीसारख्या दिसणाऱ्या पाच-सहा जणांना शेजारी उभं करायचं असतं. तुमचा साक्षीदार झाड सोडून येऊ शकत नाही, म्हणजे परेड रात्री चाळीच्या अंगणात, गॅलऱ्यांतून सगळे बघत असताना. कुठलाही बरा वकील ती परेड दोन मिनिटांत उडवेल.

आता घटनास्थळ. तुम्ही पाठवलेल्या उताऱ्यात हडळीच्या उलट्या पावलांचे ठसे आहेत आणि निरीक्षक ते बघताक्षणी ‘हडळ!’ म्हणतो. इतक्या लवकर म्हणू नका. ओल्या मातीतले ठसे वाचताना आम्ही कुठला भाग खोल गेलाय आणि माती कुठे ढकलली गेलीय ते बघतो, दोन पावलांमधलं अंतर मोजतो. माणूस पळतो तेव्हा बोटांकडचा भाग खोल जातो आणि माती मागे, टाचेच्या बाजूला सरकते. पावलंच उलटी जोडलेली असतील, तर शेवटचा रेटा टाचेला बसेल. म्हणजे टाच खोल आणि माती बोटांकडे सरकलेली. पण हडळीवर आळ घ्यायला कुणी माणूस मुद्दाम उलटा चालत गेला असेल तर? त्याचेही ठसे साधारण असेच पडतील. फरक पडतो ढांगेत. उलटं चालणारा माणूस आखूड पावलं टाकतो आणि सारखा मागे वळून बघत असल्यामुळे त्याची रेघ सरळ राहत नाही, पाय फाकतात. हडळीला ती सवयीची चाल, तिची ढांग लांब आणि ओळ सरळ असणार. तुमच्या निरीक्षकाला मोजपट्टी द्या. पंचनाम्यात लिहू दे: डाव्या टाचेपासून डाव्या टाचेपर्यंत अमुक सेंटिमीटर. पन्नास पानांनंतर वाचकाला तो आकडा आठवला पाहिजे. ठशांचा साचा प्लास्टरमध्ये घ्या, फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, आणि हे सगळं पाऊस यायच्या आत. आमच्याकडे निम्मे ठसे पाऊस नेतो आणि उरलेले बघायला जमलेली गर्दी.

पंचनाम्याला पंच लागतात, दोन, तटस्थ आणि शक्यतो त्याच भागातले. रात्री अडीचला तटस्थ आणि प्रतिष्ठित रहिवासी कुठून आणायचे, हा प्रश्न प्रत्येक तपासी अंमलदाराने आयुष्यभर सोडवलेला असतो. दूधवाला, रिक्षावाला, सुरक्षारक्षक. तुमच्या शहरात रात्री जागे असतात ते दुसरेच. समंधाला पंच करता येईल का? तो तिथलाच, पिढ्यान्‌पिढ्या राहणारा. पण तटस्थ नक्कीच नाही, त्याचा जीव त्या घरातल्या पैशात अडकलेला असतो. शिवाय आता झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण नव्या नागरिक सुरक्षा संहितेत सक्तीचं आहे. तुमची भुतं कॅमेऱ्यात दिसतात का? दिसत नसतील, तर चित्रफितीत हवालदार हवेतून चाकू घेताना दिसेल आणि कोर्ट विचारेल, हा काढून कोणी दिला? लेखकाला यापेक्षा चांगली अडचण आयती मिळत नाही.

अंगात येण्याचा प्रसंग तुम्ही कबुलीजबाबासाठी वापरलाय, तो तसा चालणार नाही, पण टाकूही नका. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हा आपल्या कायद्याचा जुना पाया आहे आणि नव्यातही कायम आहे. त्याला एक खिडकी आहे. कोठडीतल्या आरोपीने सांगितलं म्हणून एखादी वस्तू सापडली, तर सांगण्यातला फक्त तेवढा, वस्तूशी जोडलेला भाग चालतो. पूर्वीच्या कायद्यात ते कलम २७ होतं, म्हणून खात्यात अजून ‘सत्तावीसचा पंचनामा’ म्हणतात. आरोपी दोन पंचांसमोर म्हणतो, “कोयता मी दाखवतो,” मग सगळे जीपमध्ये बसतात, तो पुढे चालतो, आणि कोयता निघतो. आता बघा. कोठडीत आरोपीच्या अंगात मयताचं भूत आलं आणि आरोपीच्या तोंडून म्हणालं, “कोयता टाकीखाली आहे.” कोयता निघाला. माहिती कोणाची? आरोपीची असेल तर पुरावा टिकतो, भुताची असेल तर बाद. आणि भूत कशावरून? बचावाचा वकील कोर्टात भूत खरं असल्याचं हिरिरीने मांडतोय आणि सरकारी वकील ते नाकारतोय, असं दृश्य मी कुठे वाचलेलं नाही.

मन वाचणारा वेताळ तुम्ही निरीक्षकाच्या मदतीला दिलाय. ठेवा. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी खटल्यात सांगून टाकलंय की संमतीशिवाय नार्को चाचणी, पॉलिग्राफ, मेंदूची चाचणी करता येणार नाही; कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, हा घटनेच्या विसाव्या अनुच्छेदातला हक्क आहे. वेताळाने आरोपीच्या मनात डोकावणं याच्यापेक्षा वेगळं कसं? वेताळाला अशक्त करण्यासाठी तुम्हाला ताईत, रिंगण काही शोधावं लागणार नाही. तो सर्वज्ञ असू दे. त्याचं ज्ञान आरोपपत्रात घेता येत नाही. निरीक्षकाला सगळं ठाऊक आहे आणि त्याला ठाऊक असल्याचं कुठेच लिहिता येत नाही, खऱ्या नोकरीत हे बरेचदा होतं. खबऱ्याच्या बाबतीत तर नेहमीच. खबर कुठून आली हे सांगायची सक्ती पोलिसावर करता येत नाही, पण खबरीवर शिक्षाही होत नाही.

वेळेचं गणित तुमच्या उताऱ्यात अजिबात नाही, ते आणा. अटकेनंतर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढे न्यावं लागतं. कोर्ट दिवसा बसतं. जो सूर्य उगवल्यावर विरून जातो त्याचा रिमांड कसा घेणार? हडळीच्या बाबतीत तर कायद्याने तुमची पंचाईतच करून ठेवलीय. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही; अगदी अपवादात्मक कारण असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्याची आगाऊ परवानगी घ्यायची. जी फक्त रात्रीच दिसते, तिची हडळ म्हणून भीती कोणाला वाटायची ती वाटो, पोलीस ठाण्याला आधी परवानगीचा अर्ज लिहावा लागेल. आणि खुनाच्या गुन्ह्यात आरोपी कोठडीत असताना ९० दिवसांत आरोपपत्र गेलं नाही, तर तो जामिनावर सुटतो, मग तपास कितीही चांगला असो. तुमचा साक्षीदार अमावास्येलाच बोलतो? नव्वद दिवसांत अमावास्या तीन, फार तर चार. त्यातली एक गणपतीच्या तोंडावर आलीय आणि तयारीच्या बंदोबस्ताला अख्खं ठाणं रस्त्यावर आहे. लालबागचं ठाणं म्हटल्यावर हे तुम्हाला टाळता यायचं नाही.

इथवरचं सार एवढंच: भुताला किती कळतं हे मोकळं ठेवा, त्याला किती शाबीत करता येतं ते आवळा, आणि प्रत्येकाची मर्यादा त्याची गरज पडायच्या आधी वाचकाला दाखवून ठेवा.

दोन गोष्टींत जपून. एक, देव आणि भूत यांतली रेघ आपल्याकडे पुसट आहे. घाटावर वेताळ भुतांचा राजा, पण दक्षिण कोकणात आणि गोव्यात तो गावाचं दैवत आहे. वेंगुर्ला तालुक्यात आरवलीला वेतोबाला भाविक चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात आणि त्या झिजतात, कारण तो रात्री गावातून फिरतो, अशी श्रद्धा आहे. तुम्ही वेताळाला संशयित केलंत तर त्या बाजूचा वाचक दुखावेल आणि त्याचं बरोबर असेल. त्याला रात्रीच्या गस्तीवरचा जाणता करा, जो फक्त आपल्या शिवेच्या आतलं बघतो. शिवेबाहेर काय झालं, मला विचारू नका, असं म्हणणारा. आमच्याकडे त्याला हद्द म्हणतात आणि पूर्वी हद्दीवरून प्रेतं तासन्‌तास पडून राहिलेली मी पाहिली आहेत. आता कुठल्याही ठाण्याने शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून पुढे पाठवायचा असतो, तरी हद्दीचा वाद मिटला असं समजू नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपल्या खऱ्या महाराष्ट्रात भुताचं नाव घेऊन गुन्हे होतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, त्यानंतर काही दिवसांत जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत बारा कृत्यं आहेत, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते असं जाहीर करून तिचं जगणं मुश्कील करणं हा त्यात गुन्हा आहे. नोकरीत ‘भुताने मारलं’ असं ऐकलं की मी आधी त्या घराचा सातबारा किंवा खोलीची भाडेपावती मागवायचो. कुणाला जागा हवी असते, कुणाला विधवा वहिनी नको असते. तुमच्या शहरात भुतं खरी आहेत, म्हणून हा मतलबी माणूस नाहीसा होत नाही. उलट त्याला लपायला चांगली जागा मिळते. हडळीने मारलं असं सगळे म्हणताहेत आणि हडळ खरोखर आहे, अशा वेळी तिने मारलं नाही हे शोधणं किती अवघड होईल बघा. तुमच्या दहा प्रकरणांपैकी निदान सहांत तरी गुन्हेगार जिवंत माणूस निघावा, असं माझं मत आहे. आणि उतारा देऊन गुन्हा उकलणारा हुशार मांत्रिक तेवढा कथेतून काढून टाका. तो निरीक्षकाचं काम खातो आणि बाहेरच्या जगात त्याच्या भाईबंदांना फुकटची जाहिरात मिळते.

शेवटी हुद्द्याचं. तुमचा नायक ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक आहे आणि एकटा रात्रभर गल्ल्यांतून फिरतो. वरिष्ठ निरीक्षकाला बंदोबस्त, बैठका, मोर्चे, वरून येणारे फोन यांतून श्वास घ्यायला वेळ नसतो. त्याला सहायक निरीक्षक करा, ठाण्याच्या गुन्हे प्रकटीकरण पथकाचा. हाताखाली तीन-चार अंमलदार, त्यांतला एक त्याच भागात वाढलेला जुना हवालदार, ज्याला प्रत्येक पिंपळावर कोण आहे ते माहीत आहे आणि जो साहेबांना अर्धंच सांगतो. आणि डायरी लिहायला लावा त्याला. रोजच्या तपासाची केस डायरी लिहावी लागते, कुठे गेलो, किती वाजता, कोणाला भेटलो. ‘२.४० वा. पिंपळाखाली साक्षीदाराकडे विचारपूस केली, उपयुक्त माहिती मिळाली नाही,’ असं लिहिताना तो काय काय गाळतो, त्यावरून तुमची पुढची प्रकरणं आपोआप ठरतील. चौथं प्रकरण नव्याने लिहिलंत की पाठवा, त्यातला पंचनामा मी बघून देतो.